फरशीखालची हवा : पर्यावरण अधिनियमाच्या कलम २ वर भाष्य

जमिनीत मुरलेल्या रसायनाची वाफ घरात शिरते, या संकटाचे नाव पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये कुठेही नाही. तरीही ते कलम २ च्या पहिल्या तीन व्याख्यांत बसते. कसे, ते पद लावून पाहू. मूळ शब्द इंग्रजी आहेत. इथे त्यांचा आशय मराठीत दिला आहे.

‘पर्यावरण’ यात पाणी, हवा आणि जमीन यांचा समावेश होतो;

‘समावेश होतो’ म्हणजे यादी इथे संपत नाही. ‘हवा’ या पदाची दोन वाचने संभवतात. पहिले, उघड्यावरची हवा. दुसरे, माणूस श्वासात घेतो ती कोणतीही हवा, म्हणजे बंद खोलीतलीसुद्धा. १९८१ च्या हवा अधिनियमात प्रदूषक ‘वातावरणात’ असावा लागतो. पाच वर्षांनी झालेल्या या कायद्यात नुसती ‘हवा’ आहे. जवळचा शब्द हाताशी असताना कायदा व्यापक शब्द घेतो, याचा अर्थ व्याप्ती वाढवली आहे. म्हणून दुसरे वाचन ग्राह्य.

तसेच पाणी, हवा व जमीन यांचे आपसांतील, आणि मनुष्य, इतर सजीव, वनस्पती, सूक्ष्मजीव व मालमत्ता यांच्याशी असलेले परस्परसंबंध;

या व्याख्येचा प्राण इथे आहे, म्हणून सावकाश वाच. ‘परस्परसंबंध’ म्हणजे एका घटकातून दुसऱ्यात होणारी ये-जाही. कॅलिफोर्नियातला मोफेट फील्ड हा अमेरिकी नौदलाचा तळ घे. तो १९९४ मध्ये बंद होऊन नासाकडे गेला. तिथल्या भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन सापडले. धातूच्या भागांवरचे वंगण काढणारा हा द्रव काही नौदलाच्या कामांतून, तर काही शेजारच्या माउंटन व्ह्यूमधल्या सेमीकंडक्टर कारखान्यांतून झिरपला होता. तो पाण्याहून जड, म्हणून खोल उतरतो. पण पाण्यात विरघळला तरी त्याची वाफ सुटते, मातीच्या पोकळ्यांतून वर चढते आणि जोत्याच्या भेगांतून, मोरीच्या पाइपाभोवतीच्या फटीतून आत येते. खोलीतला दाब जमिनीतल्या दाबाहून किंचित कमी असला की ती ओढलीच जाते. पाणी, जमीन, हवा, मालमत्ता, मनुष्य : व्याख्येतली पाच पदे एकाच प्रवासात आली.

आता मुंबईतल्या भोईवाड्यात हे पद लावून पाहा. चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीचे दार दिवसभर उघडे असते. वाफ आली तरी पांगते. टॉवरच्या तळाला मोकळे वाहनतळ असेल तर तिथेही ती वाऱ्यावर जाते. पण तळमजल्यावरचा वातानुकूलित गाळा बंद असतो. पावसाळ्यात बाहेरची माती भिजून तिच्या वाटा बुजतात, इमारतीखालची मात्र कोरडी राहू शकते. तेव्हा वाफेला घराकडचीच वाट उरते. याचा अर्थ परस्परसंबंध ऋतूप्रमाणे आणि बांधणीप्रमाणे बदलतो. एका दिवसाच्या मोजणीवर निकाल देऊ नये.

‘पर्यावरणीय प्रदूषक’ म्हणजे असा कोणताही घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ,

म्हणजे अवस्था बदलली म्हणून पदार्थ कायद्यातून सुटत नाही. मातीचा नमुना स्वच्छ निघाला तरी मातीतली वाफ वेगळी तपासावी लागते.

जो इतक्या प्रमाणात आहे की पर्यावरणास अपायकारक ठरेल किंवा ठरू पाहील;

‘इतक्या प्रमाणात’ म्हणजे मोजल्याशिवाय बोलायचे नाही. नाकावर विसंबू नको; ट्रायक्लोरोइथिलीनचा वास जाणवतो तो धोक्याची पातळी कितीतरी ओलांडल्यावर. ‘ठरू पाहील’ याचा अर्थ अपाय घडून गेल्याचा पुरावा मागितलेला नाही. कल पुरेसा आहे. हे रसायन कर्करोग घडवते आणि गर्भालाही त्यापासून धोका मानला जातो, तेव्हा वाट पाहणे या पदाच्या विरुद्ध जाईल. मोफेट परिसरासाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम आणि कार्यालयांसाठी ५ ही मर्यादा घातली. तिच्याच २०१५ च्या मार्गदर्शिकेत फरशीखालच्या वाफेचा ०.०३ भाग आत येतो, असे सावध गृहीत धरले आहे. म्हणजे फरशीखाली १०० असेल तर खोलीत ३ धरायचे : कार्यालयाला चालेल, घराला नाही.

‘पर्यावरणीय प्रदूषण’ म्हणजे पर्यावरणात असा प्रदूषक असणे.

‘असणे’. कोणी सोडला, केव्हा सोडला, हे या व्याख्येत विचारलेले नाही. कारखाना बंद झाला, पलटण निघून गेली, तरी प्रदूषण उरते. जमिनीचा मालक कोण, हेही विचारलेले नाही. म्हणून गिरणीचे आवार, रेल्वेचे वर्कशॉप आणि लष्करी कारखाना यांना व्याख्या सारखीच लागते. अमुक जागा दूषित आहे असे याने सिद्ध होत नाही. तपासणीतून कोणतीही जागा आपोआप सुटत नाही, इतके सिद्ध होते. जबाबदार कोण आणि खर्च कोणाचा, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम याच अधिनियमाखाली आले.

एकूण अर्थ असा. जुन्या औद्योगिक किंवा लष्करी जमिनीवर घरे बांधण्याआधी मातीतली वाफ निरनिराळ्या ऋतूंत मोजावी. ती आढळली तर जोत्याखाली वाफरोधक पडदा घालावा आणि छिद्रांच्या नळ्यांतून पंख्याने वाफ ओढून छपरावर सोडावी. बांधतानाच हे करणे सोपे असते. माणसे राहायला आल्यावर प्रत्येक फरशी फोडावी लागते. नकाशा मंजुरीसाठी तुझ्या हाती येईल तेव्हा ‘परस्परसंबंध’ हे पद समोर ठेव आणि तळमजल्याखाली काय आहे ते आधी विचार.