कानो प्रांतांतील लशीचा वाद

इस्लाम आणि लस यांचें वैर जन्मजात आहे, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतहि आढळते. इतिहास तिला आधार देत नाहीं. देवी आणि गोवर यांचें पृथक् वर्णन करणारा प्रसिद्ध ग्रंथ अर् राझीचा. देवी टोंचून घेण्याची तुर्की चाल पाहून इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिनें 1718 सालीं इस्तंबूल येथें आपल्या मुलास टोंचून घेतलें. गायीच्या देवीची लस 1802 सालीं मुंबईस आली तीहि बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें. मग 2003 सालीं उत्तर नायजेरियांतील मुसलमान आईबापांनीं पोलिओच्या थेंबांसमोर दारें कां लावून घेतलीं?

कानो हें हौसाभाषी लोकांचें जुनें व्यापारी शहर. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत कानो, झामफारा, कादुना इत्यादि प्रांतांत पोलिओची मोहीम थांबविण्यांत आली. थेंबांत स्त्रियांस वंध्य करणारें द्रव्य व एड्सचे विषाणु मिसळले आहेत, असा आरोप होता. आरोप करणाऱ्यांचे अग्रणी दत्ती अहमद हे स्वतः डॉक्टर होते. तेव्हां अडाण्यांचा गोंधळ म्हणून हात झटकतां येत नाहीं. आरोप खोटा होता, हें आम्ही स्पष्टच म्हणतों. पण खोट्या आरोपासहि रुजण्यास भुई लागते, आणि ती कोणीं नांगरली हें पाहिलें पाहिजे.

1996 सालीं कानोंत मेंदूच्या आवरणाच्या दाहाची भयंकर सांथ आली. त्या वेळीं फायझर या अमेरिकन कंपनीनें आपलें नवें औषध मुलांवर तपासून पाहिलें. सुमारें 200 मुलांपैकीं निम्म्यांस नवें औषध दिलें, निम्म्यांस जुनें. त्यांतील 11 मुलें दगावलीं. मृत्यु रोगानें झाले, औषधानें नव्हे, असें कंपनीचें म्हणणें. आमची रीतसर संमतीच घेतली नाहीं, असें आईबापांचें. 2009 सालीं कंपनीनें दोष मान्य न करतां कानो प्रांताशीं साडेसात कोटि डॉलरांची तडजोड केली. म्हणजे थेंबांचा वाद पेटला तेव्हां ही जखम अजून ओलीच होती. त्याच्याहि मागें 1988 चें सरकारी लोकसंख्या-धोरण होतें: एका स्त्रीस चार मुलें पुरेत. ज्या सरकारनें मुलें कमी करा म्हटलें, तेंच आतां मुलांच्या तोंडांत औषध घालावयास दारीं आलेलें पाहून बापांच्या मनांत काय आलें असेल, तें सांगावयास नको.

शिवाय आणखी एक प्रश्न होता, आणि आमच्या मतें त्यांत धर्माचा गंधहि नाहीं. साध्या तापाचें औषध पदरच्या पैशांनीं घ्यावें लागतें, गोवरानें मुलें मरतात. मग क्वचित् दिसणाऱ्या या एकाच रोगाचें औषध फुकट, घरपोंच, आणि तेंहि पुन्हां पुन्हां कां? हौसा भाषेंत पोलिओचें नांव ‘शान इन्ना’. इन्ना नांवाची भूतयोनि मुलाचा अवयव शोषून घेते, अशी जुनी कल्पना. एका रोगास ‘देवी’ म्हणणाऱ्या आपणांस याचें नवल वाटूं नये.

बहिष्काराची किंमत मुलांनींच दिली. त्या भागांतील विषाणु शेजारच्या देशांत पसरला आणि 2005 सालीं थेट इंडोनेशियास पोंचला. तो देश 1995 पासून पोलिओमुक्त होता. तेथें 300 हून अधिक मुलें या रोगानें ग्रासलीं गेलीं. दैवदुर्विलास असा कीं, 2004 च्या जुलैअखेर कानोनें मोहीम पुन्हां सुरू केली ती मुसलमानबहुल इंडोनेशियांतच बनलेल्या लशीवर विश्वास ठेवून. त्या वेळीं गव्हर्नर इब्राहीम शेकारौ यांनीं स्वतःच्या लहान मुलीस लोकांसमक्ष थेंब पाजविले.

पुढें परक्या तज्ज्ञांपेक्षां सोकोतोचे सुलतान व गांवोगांवचे परंपरागत प्रमुख पुढें झाले, आणि परक्या पुरुषास मज्जाव असलेल्या घरांत स्थानिक स्त्रिया थेंब घेऊन जाऊं लागल्या. 25 ऑगस्ट 2020 रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपला आफ्रिका विभाग वन्य पोलिओपासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें. परंतु जेथें थोड्याच मुलांस लस मिळालेली असते, तेथें लशींतील विषाणूच बदलून रोग उत्पन्न करूं शकतो. तसा पोलिओ उत्तर नायजेरियांत त्यानंतरहि आढळला, आणि तो आईबापांस कोणत्या शब्दांत समजावून सांगावा, हा पेंच त्याच स्त्रियांपुढें उभा राहिला.