यंत्राचा जाब कोणी द्यावयाचा?

यंत्राला पाप-पुण्य नसते. ते घडविणाऱ्याला मात्र असते. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने हे ओळखले होते. १९४९ साली त्याने अमेरिकेतील मोटार-कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना पत्र लिहून कळविले की, स्वयंचलित यंत्रांमुळे कामगारांवर बेकारी ओढवेल आणि त्या पापात आपल्याला वाटेकरी व्हावयाचे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आयुर्विमा महामंडळात पेटला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला. १९६९ साली सरकारने प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मर्यादित संगणकीकरणाचा करार केला.

या साऱ्या लढ्यांत आम्ही संघटनावाल्यांनी मुख्यतः एकच विचारले : नोकऱ्या किती जातील? यंत्राच्या निर्णयाचा जाब कोण देईल, हे विचारावयाचे राहून गेले.

त्याचे फळ आज अंधेरीत दिसते. १९७३ साली उभ्या राहिलेल्या सीप्झच्या आत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे बसतात. बाहेर रस्त्यावर घरपोच माल देणारा पोरगा मोबाइलकडे पाहत उभा असतो. एखाद्या सकाळी त्याचे खाते बंद होते. विचारले तर उत्तर मिळते, “सिस्टीमने केले.”

परिणाम पाहून बरे-वाईट ठरवा, असे मिल म्हणतो. माणसाला नुसते साधन मानू नका, असे कांट म्हणतो. दोघांच्याही न्यायासनापुढे आधी कोणीतरी उभे राहावे लागते. म्हणून आजची पहिली मागणी हीच : पोटावर येणाऱ्या प्रत्येक निर्णयाखाली जबाबदार माणसाचे नाव असावे.