मागच्या ब्रेकची धूळ

मोटरसायकलचे मागचे ब्रेक पॅड घरी बदलणे हे तासाभराचे काम आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, कॅलिपरचे बोल्ट काढायचे, पॅड ज्या पिनेवर बसतात ती ओढायची, की झिजलेले पॅड हातात येतात. नवे पॅड जाड असल्यामुळे त्यांना जागा करून देण्यासाठी पिस्टन आत ढकलावा लागतो, आणि इथे घाई केली की पंचाईत होते. पिस्टन आत गेला की ब्रेक ऑइल परत टाकीत चढते. टाकी आधीच भरलेली असेल तर ते उतू जाते आणि सांडेल तिथला रंग खाते. त्यामुळे झाकण उघडून, पातळीवर नजर ठेवून, सावकाश ढकलायचे. ग्रीस लावायचे ते कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनांना; पॅडच्या तोंडाला त्याचा ठिपकाही लागता कामा नये. शेवटी गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुन्हापुन्हा दाबायचे. हे विसरलेला माणूस पहिल्याच उतारावर पेडल तळाला गेलेले पाहतो.

हे सारे मी पुस्तके वाचून आणि चुका करून शिकलो. पण पहिल्यांदा कॅलिपर उघडला तेव्हा आतल्या कोपऱ्यांत राखेसारखी काळपट धूळ साचलेली दिसली आणि मी नकळत फुंकर मारायला वाकलो. ही सवय कुठून आली, हे आठवायला वेळ लागला नाही. आमच्या पिढीने मोटरसायकली पाहिल्या त्या ड्रम ब्रेकच्या. गॅरेजमध्ये मिस्त्री चाक काढायचा, ड्रम फरशीवर आपटायचा, उरलेली धूळ तोंडाने फुंकायचा, आणि नव्या ब्रेक शूचे लायनर पॉलिशपेपरने घासून मग बसवायचा. शेजारी एखादा पोऱ्या उकिडवा बसून पाने देत असायचा. त्या काळातल्या बहुतेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. हे अॅस्बेस्टॉस ब्रेकमध्ये आले कसे, आणि त्याबद्दल कोणाला काय केव्हा कळले होते, याचा शोध मी त्या फुंकरीपासून घेत आलो आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने 1897 मध्ये तिथे ब्रेकच्या अस्तराचा उद्योग सुरू केला. उतारावरून माल नेणारे गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचे चामडे ठोकतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. त्याची पहिली अस्तरे सुती होती, डांबरासारख्या द्रव्यात भिजवलेली. घोडागाडीला ती पुरली. मोटारी आल्या, वेग वाढला, तशी ती जळू लागली. तेव्हा, 1908 च्या सुमारास, फ्रूड अॅस्बेस्टॉसकडे वळला. दगडातून निघणारा, विणता येणारा आणि न जळणारा हा धागा ब्रेकसाठी वरदानच वाटला असणार. 1902 मध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते, पण त्याचे तांब्याचे अस्तर भयंकर किंचाळत असे. त्या दुखण्यावरचा इलाजही पुढे अॅस्बेस्टॉसमध्येच सापडला. फ्रूडने आपल्या आडनावाची अक्षरे इकडची तिकडे करून त्यात एक 'ई' घातला आणि मालाला नाव दिले फेरोडो. 1920 च्या दशकात ही कंपनी टर्नर अँड न्यूअल या अॅस्बेस्टॉस समूहात सामील झाली.

याच समूहाच्या रॉचडेल येथील गिरणीत नेली केरशॉ ही बाई अॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. मार्च 1924 मध्ये ती वारली, तेव्हा ती 33 वर्षांची होती. कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली, त्यांत खनिजाचे कण पाहिले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तसे प्रसिद्ध केले. 'अॅस्बेस्टॉसिस' हे नाव या आजाराला त्यांनीच 1927 मध्ये रूढ केले. मग सरकारी पातळीवर हालचाल झाली. मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी 363 कामगार तपासले, त्यांपैकी 95 जणांची फुप्फुसे तंतुमय होऊन आखडलेली आढळली. म्हणजे शेकडा 26. हा अहवाल 1930 चा. लगेच 1931 मध्ये ब्रिटनने धूळ जागच्या जागी ओढून घेण्याची सक्ती करणारे नियम केले.

ही तारीख लक्षात ठेवावी, कारण आता आपल्याला घाटकोपरला यायचे आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत याच समूहाशी जोडलेली हिंदुस्थान फेरोडो उभी राहिली. देशातल्या ट्रकांना, बसांना, मोटारींना लागणारी ब्रेकची अस्तरे तिथे तयार होत. पुढे तिचे नाव हिंदुस्थान काँपोझिट्स झाले. ब्रिटनमधला नियम तोवर जुना झाला होता. पण घाटकोपरच्या कामगारांना आपल्या छातीचा त्रास नेमका काय आहे हे सांगायला, कामगार संघटनेच्या विनंतीवरून मुंबईतले ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर पुढे यावे लागले. 232 पैकी 181 कामगार तपासणीला आले. छातीचे एक्स-रे, श्वासाची क्षमता, कामाचा पूर्वेतिहास, सगळे नोंदले गेले. शेकडा 22 जणांना अॅस्बेस्टॉसिस होता. मुरलीधर आणि कान्हेरे यांचा हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला.

1930 मध्ये 26, 2005 मध्ये 22. दोन पाहण्यांची पद्धत वेगळी, कामे वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून गणित करू नये हे मला कळते. तरी मधली पंचाहत्तर वर्षे डोळ्यांआड करता येत नाहीत. कायदा नव्हता म्हणावे तर तसेही नाही. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रश्नावर अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये निकाल दिला होता. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपावी, आणि आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये द्यावेत, असे त्यात होते. एवढी वर्षे का, याचे उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. श्वासातून गेलेला तंतू फुप्फुसात बसतो आणि पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी दम लागू लागतो. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो.

मग गॅरेजमधल्या मिस्त्रीचे काय? इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेक लावताना लायनर इतका तापतो की त्यातल्या अॅस्बेस्टॉसचा बराचसा भाग रूप बदलतो, फॉर्स्टेराइट नावाचे वेगळे खनिज होतो. म्हणून ड्रममधल्या जुन्या धुळीत धड तंतू थोडेच उरतात, आणि मेकॅनिकना नेमका किती धोका यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण नवा लायनर पॉलिशपेपरने घासताना जे उडते ते न तापलेले, मूळ रूपातले असते. आमचा मिस्त्री दिवसातून कितीदा तरी घासत असे. कारखान्याला निदान दरवाजा होता, हजेरीपट होता, संघटना होती. गॅरेजमधल्या पोऱ्याचे नाव कोणत्याही वहीत नव्हते, त्यामुळे त्याच्या छातीची 40 वर्षांची नोंद ठेवणार कोण आणि कशात? माझ्या शोधात मला कारखान्यांचे कागद मिळाले. गॅरेजचा एकही मिळाला नाही.

आपल्या रस्त्यांवर हा मागचा ब्रेक जास्तच राबतो, हे जाता जाता सांगतो. 'पुढचा दाबू नकोस, कोलमडशील' हे ऐकतच आपण गाडी शिकलो. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते. या शिकवणीमुळे मागचे लायनर झिजत राहिले आणि मिस्त्रीचे काम वाढत राहिले.

आता पॅडच्या पुड्यावर 'अॅस्बेस्टॉस फ्री' छापलेले असते. माझ्याही पुड्यावर होते. तरी लोखंडाची आणि रेझिनची बारीक पूड छातीत जावी असे त्यात काही नाही. मी कॅलिपरवर पाणी शिंपडले, ओल्या फडक्याने कोपरे पुसले, आणि काळे झालेले फडके प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले. पाने द्यायला शेजारी बसलेल्या पुतण्याने विचारले, "काका, एक फुंकर मारली तर पटकन होईल ना?" त्याला हे सगळे सांगता सांगता पॅड बसवायला तासाचे दोन तास झाले.