ग्रहांना गिरकी दिली कोणी?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते काय, या वादाचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. एका महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात असे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास मांडले. ब्रह्मगुप्ताने ते खोडून काढण्याचा यत्न केला आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात या मताची दखल घेतली. पण ती फिरते काय आणि ती का फिरते, हे दोन प्रश्न निराळे. दुसऱ्याची वाट मला अधिक वाकडीतिकडी वाटते, म्हणून हा लेख.

फिरत राहायला कारण लागत नाही, हे न्यूटनच्या नियमांतून उघड झाले. अवकाशात अडवायला काही नाही. एकदा मिळालेली गिरकी चालूच राहते. प्रश्न पहिल्या धक्क्याचा. ग्रहांचे अक्षभ्रमण गुरुत्वाकर्षणातून निघत नाही, त्याला ईश्वरी हातच हवा, असे न्यूटनने बेंटलेला १६९३ च्या पत्रात कळवले. एवढा मोठा गणिती इथे थांबला, याचे मला नवल वाटत नाही. त्याच्या हाती आजचे ग्रह होते, त्यांचा जन्म नव्हता.

जन्माची गोष्ट कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये सांगितली. फिरणारा तप्त वायुमेघ आकसतो, आकसताना वेग घेतो, त्यातून कडी सुटतात आणि कड्यांचे ग्रह होतात. सगळे एकाच दिशेने फिरतात, हा लाप्लासचा हुकमी पुरावा. दुर्दैव असे की १७९८ साली छापलेल्या निबंधात हर्शेलने युरेनसचे चंद्र उलट फिरत असल्याचे जाहीर केले. युरेनसचा अक्ष सुमारे ९८ अंश कललेला आहे. तो जणू कुशीवर लोळत चालतो.

याहून खोल अडचण पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ‘मेघ फिरत होता, म्हणून ग्रह फिरतात’ हे उत्तर ऐकायला सोपे आहे. पण केप्लरच्या नियमानुसार सूर्याजवळचा कण वेगाने आणि दूरचा सावकाश फिरतो. मग कड्यातले कण नुसते एकत्र गोळा झाले, तर आतली बाजू पुढे पळेल, बाहेरची मागे राहील आणि ग्रह उलटा फिरेल! लाप्लासने कडे एकसंध, घन चकतीसारखे फिरते असे धरले होते, म्हणून त्याच्या गणितात हे आले नाही. फाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने १८८४ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. शिवाय सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात, पण कोनीय संवेगाचा फारच थोडा वाटा त्याच्याकडे. बहुतेक सगळा ग्रहांकडे, त्यातही गुरूकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी लाप्लासला निरोप देऊन दुसऱ्या ताऱ्याच्या ओढीची कल्पना धरली, तीही टिकली नाही.

तोल परत आला तो टकरींच्या विचाराने. सोव्हिएत शास्त्रज्ञ साफ्रोनोव्ह यांनी १९६९ च्या ग्रंथात ग्रह छोट्या पिंडांच्या धडकांतून वाढले असे मांडले. कुणी पुढून आदळतो, कुणी बाजूने. बहुतेकांचे परिणाम एकमेकांना खोडतात, शिल्लक उरते ती गिरकी. शेवटच्या दोन-चार मोठ्या धडका हिशेब पालटू शकतात. युरेनसचे आडवे पडणे त्यात बसते. गुरूसारख्या वायुग्रहांची गोष्ट निराळी; त्यांनी भोवतालच्या तबकडीतून वायू ओढला आणि त्याबरोबर संवेगही घेतला. म्हणूनच एवढा अवाढव्य गुरू दहा तासांच्या आत फेरी पुरी करतो.

शुक्राने मात्र सर्वांनाच गोंधळवले. दाट ढगांमुळे त्याची फेरी मोजताच येत नव्हती. १९६२ च्या सुमारास रडारच्या लहरी तिथे आपटून परतल्या तेव्हा कळले, तो उलटा फिरतो आणि एका फेरीला २४३ दिवस घेतो. जन्मतःच तो उलटा होता, की सूर्याच्या भरतीने आणि त्याच्याच जड वातावरणाने त्याला हळूहळू तसे केले, यावर अभ्यासकांचे एकमत अद्याप झालेले नाही. मला दुसरी शक्यता अधिक पटते. आपली पृथ्वीही चंद्राच्या ओढीने मंदावतेच आहे. चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आणि आपला दिवस शतकामागून शतक किंचित लांबतो.