साचा वेगळा, आज्ञावली वेगळी

संकेतस्थळावरील वीजबिलाच्या पानावर रक्कम दिसते, खाली मुदतीची तारीख असते. आकडा आज्ञावली काढते. पण त्यात स्वल्पविराम कोठे द्यावा, ‘रु.’ आधी यावे की नंतर, महिना अंकी असावा की अक्षरी, हे प्रश्न हिशेबाचे नसून मांडणीचे आहेत. दोन्ही निर्णय एकाच ठिकाणी लिहिले गेले की काय घडते, याचा अनुभव वेबविश्वाने १९९०च्या दशकात पुरेपूर घेतला.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुल्या केलेल्या पीएचपीत एचटीएमएलच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येत. छोट्या पानासाठी ही सोय उत्तम होती. पाने वाढली तसा गुंता वाढला. डेटाबेसमधून माहिती काढणारी ओळ आणि तक्त्याचा रकाना आखणारी ओळ शेजारी-शेजारी नांदू लागल्या. रंग बदलू पाहणाऱ्या सजावटकाराच्या हातून हिशेब बिघडण्याची भीती, आणि साधा स्वल्पविराम घालायचा तरी प्रोग्रामरची प्रतीक्षा, अशी अवस्था झाली.

यावरील उपाय म्हणजे टेम्प्लेट, अर्थात साचा. पानाचा आराखडा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचा, त्यात जागा मोकळ्या सोडायच्या आणि आज्ञावलीने तेथे केवळ माहिती पुरवायची. कल्पना तशी जुनीच. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेत १९७९ मध्ये ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली, तीत माहिती आणि तिचे दर्शन यांची फारकत होतीच.

खरी मेख आहे ती सीमारेषेत. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्क येथील जागतिक वेब परिषदेतील निबंधात ही रेषा काटेकोरपणे आखली. साच्याने मूळ माहितीत बदल करू नये, तिच्यावर गणित करू नये, मूल्यांची तुलना करू नये. आणि आज्ञावलीनेही मांडणीचा तपशील माहितीत मिसळू नये, असे त्यांचे प्रतिपादन. वीजबिलाचेच उदाहरण घेतले तर थकबाकी पाचशे रुपयांहून अधिक आहे का, हे साच्याने तपासायचे नाही. ‘थकबाकीदार’ एवढी खूण त्याला मिळेल. ती दिसताच ओळ लाल करणे, इतकेच त्याचे काम.

मग स्वल्पविराम कोणी घालायचा? आज्ञावलीने ‘१२,३४,५६७’ अशी तयार अक्षरे पाठवली तर ती संख्या उरत नाही, तिची थेट बेरीज होत नाही. महिन्यांची नुसती नावे उरली तर अकारविल्हे क्रम लागून एप्रिल जानेवारीच्या आधी येऊन बसतो. पार यांनी आपल्या ‘स्ट्रिंगटेम्प्लेट’ या साधनात यासाठी ‘रेंडरर’ ही तिसरी जागा निर्माण केली. संख्या कशी लिहावी, तारीख कशी लिहावी, हे तेथे एकदाच सांगायचे. भाषा बदलली तर रेंडरर बदलतो. माहितीला हात लागत नाही.

याउलट ख्रिस वॉनस्ट्राथ यांच्या ‘मस्टॅश’ने २००९ मध्ये साच्यातून तर्क जवळपास हद्दपार केला. सोवळे इतके कडक, की संख्या सजवण्याचे काम बहुधा पुन्हा आज्ञावलीच्याच गळ्यात पडते.

‘जँगो’ने मधला मार्ग निवडला. ही प्रणाली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात घडली. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये तिची सुरुवात केली. २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बातमीदारीच्या घाईत अनेकदा अवघ्या काही तासांत पाने उभी करावी लागत. तेथे साच्यात नावापुढे उभी रेघ देऊन ‘फिल्टर’ लिहिला की मूळ तारीख तशीच राहते, पानावर मात्र हव्या त्या रूपात उमटते. वृत्तपत्रीय वळणही तिच्यात टिकून आहे. ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेच्या शैलीनुसार महिन्यांची संक्षिप्त रूपे देण्याची आणि एक ते नऊ हे आकडे अक्षरी लिहिण्याची सोय तिच्यात आहे.

लाख-कोटींच्या वाचकाला मात्र थांबावे लागले. तीन, मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देण्याची तरतूद जँगोत २०१७ मधील १.११ या आवृत्तीत आली. तोवर तिच्यात सर्व गटांतील अंकांची संख्या सारखीच ठेवावी लागे.