सहा महिन्यांची अट

दसरा-दिवाळी झाली की चकलांब्याच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर असते. परतायला उन्हाळा उजाडतो, म्हणजे जवळपास सहा महिने. दारूने यकृत निकामी झालेल्या रुग्णाबाबत वैद्यकशास्त्रानेही बरीच वर्षे हाच आकडा धरून ठेवला. सहा महिने दारू सोडून दाखवा, मग यकृत बदलण्याचे पाहू.

आजार आपल्याकडे नवा नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाचा अध्याय वेगळा आणि मद्याच्या अतिरेकाचा, मदात्ययाचा, वेगळा. सुश्रुताने जलोदरात पोटाला छिद्र पाडून पाणी काढायला सांगितले, पण सगळे एकाच दिवशी काढू नका, असेही बजावले. आजही पाणी फार काढायचे तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते, नाहीतर मूत्रपिंडे धोक्यात येतात. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रान्सच्या लॅनेकने १८१९ साली अशा यकृताला त्याच्या पिवळसर रंगावरून सिऱ्हॉसिस हे नाव दिले. नाव मिळाले, औषध मिळाले नाही.

१९६३ साली अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो लहान मुलगा वाचला नाही. यश १९६७ मध्ये आले. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि पहिली यशस्वी शस्त्रक्रिया दिल्लीत १९९८ ची. यकृते थोडी, मागणारे फार. मग पिणाऱ्याला का द्यायचे? हा प्रश्न शस्त्रक्रियेचा नव्हताच, तो न्यायाचा होता. त्यातून ही अट रुजली. तिला आधार अजिबात नव्हता असे नाही. दारू सुटल्यावर काहींचे यकृत इतके सावरते की प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही.

पण ज्याला दारूने यकृताचा तीव्र दाह झाला आहे, कावीळ उतरत नाही, त्याच्या हाती सहा महिने नसतात. त्याला स्टेरॉइड देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११०० हून अधिक रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत पहिल्या महिन्यात थोडा फायदा दिसला, तोही ठाम म्हणावा असा नाही. तीन महिन्यांनी तेवढाही उरला नाही. त्याआधी, २०११ मध्ये, फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी अट बाजूला ठेवून २६ निवडक रुग्णांना यकृत दिले. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते. तशाच, पण यकृत न मिळालेल्या रुग्णांत २३ टक्के. तेव्हापासून अनेक केंद्रांनी अट सैल केली आहे.

राहिले दारू सोडवणे. १९४८ पासून माहीत असलेले डायसल्फिराम यकृतालाच घातक ठरू शकते, म्हणून ज्याला सर्वाधिक गरज त्यालाच ते टाळावे लागते. बॅक्लोफेन सिऱ्हॉसिसच्या रुग्णांनाही चालते, हे २००७ च्या इटालियन चाचणीत दिसले. शिवाय माणसाशी बोलत राहावे लागते. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने ते काम मराठी माणसाला ओळखीचे केले. मात्र चरकाचे ते दोन अध्याय अजूनही बहुधा वेगवेगळ्या दारांआडच असतात. यकृताचा डॉक्टर एकीकडे, व्यसनाचा दुसरीकडे.

बीड जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला, म्हणजे चकलांब्याहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना रक्तातले क्षार वरचेवर तपासावे लागतात, जेवणात मीठ कमी लागते. फडावरच्या कोपीत भाकरीसोबत मीठ-मिरचीच असते, आणि तपासणीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, उचलीतून खाडा कापला जातो.