तलवार आणि काचेची भिंत

स्वोर्डटेलच्या नराकडे पाहिलं की वाटतं, हा गडी लढायलाच जन्माला आलाय. पण त्याची तलवार म्हणजे शेपटीच्या पराचं लांबलेलं टोक. मऊ, लवचीक. तिने साधा ओरखडाही निघत नाही!

थेट पिल्लं देणाऱ्या या मेक्सिकोकडच्या माशाचं वर्णन योहान हेकेल यांनी १८४८ साली केलं. १८७१ मध्ये डार्विनने त्याची दखल घेतली, ती माद्यांच्या पसंतीच्या संदर्भात. १९९० साली अलेक्झांड्रा बसोलो यांनी प्लॅटीच्या नरांना प्लास्टिकच्या तलवारी लावल्या. प्लॅटीला मुळात तलवार नसते, तरी तिथल्या माद्यांनाही तलवारवालेच आवडले.

म्हणजे तलवार मिरवण्यासाठी. भांडण होतं ते पाठलाग करून, धडका देऊन, चावे घेऊन. नरांमध्ये उतरंड ठरते. ओढ्यात हरलेला दूर निघून जातो, विषय संपतो. टाकीत तो जाणार कुठे? जिंकलेल्याला तो सारखा समोर दिसतो. मग हरलेला कोपरा धरतो, खाणं सोडतो, आणि एक दिवस मरतो. आपण म्हणतो, 'आजारी असेल'.

म्हणून लहान टाकीत एकच नर आणि दोन-तीन माद्या ठेवाव्यात. दोन नर ठेवले तर सगळा मार एकट्यावर येतो. टाकी लांब असावी, आणि मध्ये नजर अडेल अशी दाट झाडं.

असो. माशाचा स्वभाव जुनाच आहे. त्याची पळवाट मात्र आपण काचेने बंद केली. ती थोडी तरी परत द्यावी, एवढंच.